दर्शनी किंमत

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आमच्या छंदाला ‘मुर्दा बँकांचा कारभार’ असे नाव पडले आहे. कुणी टपाल तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी. आम्ही अमेरिकेतील जुन्या, बुडालेल्या बँकांची शेअर सर्टिफिकिटे जमवतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, बी.एड. होऊन बारा वर्षे झालेल्या आणि पतपेढीचे कर्ज फेडत असलेल्या मुदर्रिसाला हा शौक शोभतो का, असा प्रश्न लोकांना पडतो. आम्हालाही पडतो.

एकदा शाळेत अरबी शिकवणाऱ्या मौलानांनी विचारले, “मास्टरसाहेब, बँकेचा शेअर म्हणजे सूद आला. असला कागद घरात ठेवणे जायज आहे का?”

आम्ही म्हणालो, “मौलाना, ही बँक 1841 साली बुडाली. मुर्द्याकडून सूद कोण घेणार?”

मौलाना हसले. सदर मुदर्रिसही हसले. आम्हीही हसलो, पण त्या रात्री झोप लागली नाही. जायज-नाजायजचा प्रश्न आमच्या कपाटात खरोखरच पडून होता. तो सूदाचा नव्हता, हिश्श्याचा होता, आणि आमच्याच घरातला होता. तोच आज वाचकांपुढे मांडतो आहोत.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. गावातल्या बहुतेक घरांतले कुणी ना कुणी जहाजावर गेलेले. आमचे दादा मालवाहू जहाजावर खलाशी होते. 1976 साली त्यांचे जहाज अमेरिकेत फिलाडेल्फिया बंदराला लागले. त्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली होती. दादा सांगत, शहरात उरूस भरल्यासारखी दुकाने लागली होती. तिथून त्यांनी घरी दोन वस्तू आणल्या. दादीसाठी एक स्वेटर, आणि एक कागद. पिवळट, सुरकुतलेला, हातात घेतला की कुरकुरणारा. त्यावर ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ असे ठळक नाव, एक हजार डॉलरचा आकडा, 15 डिसेंबर 1840 ही तारीख आणि 8894 हा नंबर. घरात त्याला ‘अमेरिकेचा कागद’ म्हणत. ईदच्या दिवशी दादा ट्रंक उघडून तो पोरांना दाखवत आणि परत ठेवून देत.

1994 साली दादांचा इंतकाल झाला. दादी आधीच गेल्या होत्या. मागे दोन मुलगे, एक मुलगी. घराचा हिशोब मोठ्या चाचांनी रोख देऊन मिटवला. राहिली हापूसची पंधरा कलमे. शरियतप्रमाणे मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. म्हणजे एकूण पाच हिस्से, आणि एकेक हिस्सा तीन कलमांचा. सहा कलमे चाचांना, सहा आमच्या अब्बांना, तीन फूफीला. चौथीतल्या पोरालाही जमेल असे हे गणित. पण ते तसे झाले नाही.

अब्बा फूफीला म्हणाले, “राखण, फवारणी, खुडणी हे तुला तिकडे राहून कसं झेपणार? त्यापेक्षा तू अमेरिकेचा कागद घे. हजार डॉलर म्हणजे आजच्या भावाने तीस हजारांच्या वर. वर दीडशे वर्षांचा जुना. कधीही मोडलास तरी तीन कलमांपेक्षा जास्तच येतील.”

फूफीने भावावर विश्वास ठेवला. हक्कसोडपत्रावर सही केली, कागद कापडात गुंडाळला आणि सासरी घेऊन गेली. अब्बांच्या वाट्याला सहाऐवजी नऊ कलमे आली. त्या नऊ कलमांच्या आंब्यांवर आमचे डी.एड. झाले, पुढे बी.एड. झाले, धाकट्या बहिणीचे लग्न झाले.

अब्बा 2021 साली गेले. पुढच्या वर्षी फूफी तो कागद घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या नातीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता आणि फी भरायची होती. म्हणाल्या, “बेटा, तू शिकलेला आहेस. हा आता मोडून दे. अठ्ठावीस वर्षं जपलाय.”

आम्ही कामाला लागलो. आमच्या गावचा एक मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे. त्याला फोटो पाठवला. इकडे आम्हीही वाचू लागलो, आणि वाचता वाचता या बँकेत गुंतलो. ही अमेरिकेची दुसरी मध्यवर्ती बँक. पहिली 1791 साली निघाली. तिचे भांडवल एक कोटी डॉलर. प्रत्येकी 400 डॉलरचे 25,000 शेअर, पैकी पाचवा हिस्सा सरकारचा. 4 जुलै 1791 रोजी नोंदणी उघडली. सुरुवातीला फक्त 25 डॉलर भरायचे आणि त्याची पावती घ्यायची. लोकांची अशी झुंबड उडाली की तासाभरातच नोंदणी भरून गेली. ऑगस्टमध्ये त्याच पंचवीस डॉलरच्या पावतीला बाजारात तीनशेच्या आसपास भाव मिळाला आणि थोड्याच दिवसांत तो कोसळला. वीस वर्षांची सनद 1811 साली संपली. मुदत वाढवायची की नाही यावर सिनेटमध्ये समसमान मते पडली आणि उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटन यांनी आपले मत बँकेच्या विरोधात टाकले.

दुसरी बँक 1816 च्या सनदेने निघाली. भांडवल साडेतीन कोटी डॉलर, शेअर शंभर डॉलरचा. फिलाडेल्फियाच्या चेस्टनट स्ट्रीटवर विल्यम स्ट्रिकलंड या वास्तुविशारदाने तिच्यासाठी अथेन्सच्या पार्थेनॉनच्या धर्तीवर संगमरवरी खांबांची इमारत बांधली. इमारत अजून उभी आहे, बँक नाही. निकोलस बिडल हे 1823 पासून तिचे अध्यक्ष. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना ही बँक म्हणजे मूठभर पैसेवाल्यांची मक्तेदारी वाटे. 10 जुलै 1832 रोजी त्यांनी मुदतवाढीचे विधेयक नाकारले. 1836 साली राष्ट्रीय सनद संपली. बिडल यांनी पेनसिल्व्हेनिया राज्याची सनद घेऊन तोच कारभार पुढे चालवला, कापसाच्या व्यापारात उड्या घेतल्या आणि 1839 साली पायउतार झाले. 1841 च्या फेब्रुवारीत बँकेने दारे बंद केली.

म्हणजे फूफीच्या कागदावरची तारीख बँक बुडण्याच्या जेमतेम दोन महिने आधीची होती! आम्ही मनाला समजावत होतो की बँक बुडाली तरी शौकीन लोक जुन्या नोटेला पैसे देतात. तेवढ्यात न्यू जर्सीहून उत्तर आले. त्या मुलाने तिथल्या एका जुन्या कागदांच्या दुकानदाराला फोटो दाखवला होता. दुकानदाराने आतून तसाच एक कागद आणून त्याच्यापुढे ठेवला. रंग तोच, सुरकुत्या त्याच, तारीख तीच, आणि नंबरही तोच. 8894.

खऱ्या नोटांचे नंबर वेगवेगळे असतात. पर्यटकांसाठी एकाच नोटेवरून हजारो नकला छापल्या, त्या सगळ्यांवर एकच नंबर. अमेरिकेत ही नक्कल इतकी पसरली आहे की जाणकार माणूस 8894 हा आकडा पाहताच मान हलवतो. दुकानातून विकत घेतलेला हजाराचा कागद हजाराचा नसतो, एवढे व्यवहारज्ञान दादांना नक्कीच असणार. त्यांनी तो पोरांना दाखवण्यासाठी आणला होता. फूफीचा हिस्सा तो नंतर झाला.

आता खरे तर त्याच आठवड्यात जाऊन फूफीला सांगायला हवे होते. आम्ही सांगितले नाही. “चौकशी चालू आहे,” एवढेच म्हणालो. सांगितले असते तर पुढचा प्रश्न कलमांचा आला असता, आणि कलमे आता आमच्या ताब्यात होती. फूफीने हातातल्या दोन पाटल्या मोडून नातीची फी भरली. हे आम्हाला कळले, तरीही आम्ही गप्प राहिलो.

याच काळात आमचा छंद सुरू झाला. न्यू जर्सीच्या मुलाला आम्ही सांगितले, “नक्कल पाहिली, आता एखादा असली कागद आण.” तो पुढच्या सुट्टीत आला तेव्हा बिडल यांच्याच बँकेचे एक शेअर सर्टिफिकेट घेऊन आला. आमची दोन महिन्यांची बचत त्यात गेली. मग दुसरे आले, तिसरे आले. आज सात आहेत. ही सगळी साधी, शौकिनांच्या बाजारात सहज मिळणारी. पहिल्या बँकेचे किंवा 1782 साली उघडलेल्या बँक ऑफ नॉर्थ अमेरिकेचे सर्टिफिकेट घेणे आमच्या सात पिढ्यांना परवडणार नाही. या छंदाला इंग्रजीत स्क्रिपोफिली असे अवघड नाव आहे. 1970 नंतरच्या दशकात ते इंग्लंडमध्ये रूढ झाले.

दहावीच्या वर्गात शेअर शिकवताना आम्ही एखादा कागद घेऊन जातो. 1996 च्या कायद्यानंतर आपल्याकडे शेअर कागदावरून संगणकात गेले, त्यामुळे मुलांनी शेअर डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो. आम्ही त्यांना कागदावरून हलकेच बोट फिरवायला सांगतो. कोरीव पत्र्यावरून छापलेल्या कागदावर शाई किंचित वर उचललेली असते, ती बोटाला लागते. नकलेवर बोट सपाट घसरते. नाव, तारीख, शेअरची संख्या हाताने, बोरूसारख्या लेखणीने लिहिलेली. खाली अध्यक्षाची आणि रोखपालाची सही. डावी कड नागमोडी कापलेली. उरलेला अर्धा भाग बँकेच्या वहीत राहायचा आणि दोन्ही कडा जुळल्या की कागद खरा ठरायचा. शेअर विकला किंवा रद्द झाला की सहीवर कात्रीने चीर द्यायचे. आमच्या सातपैकी पाच कागदांना अशी चीर आहे. ज्या दोघांना नाही, ते कुणीतरी शेवटपर्यंत हाती धरून बसला असणार.

मग फळ्यावर आम्ही तीन शब्द लिहितो. दर्शनी किंमत, बाजारभाव, लाभांश. कागदावर छापलेली ती दर्शनी किंमत. बाजारात मिळेल तो भाव. आणि वर्षाकाठी हातात पडेल तो लाभांश. पोरे घडाघडा पाठ करतात. शिकवताना आमच्या डोळ्यांपुढे मात्र फूफीचा हात यायचा, पाटल्या नसलेला.

कागद वाचता वाचता आम्हाला आणखी काही दिसू लागले. ज्या काळची ही सर्टिफिकिटे, त्या काळी अमेरिकेतील बहुतेक राज्यांत लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जाई. विधवेला आणि अविवाहितेला शेअर स्वतःच्या नावावर ठेवता येत, विवाहितेसाठी मध्ये विश्वस्त घालावा लागे. मिसिसिपी राज्याने 1839 साली विवाहितेच्या मिळकतीचा कायदा केला आणि न्यूयॉर्कने 1848 साली. हे वाचून आम्हाला आधी अभिमान वाटला. आपल्याकडे मुलीचा हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवला आहे! पण अभिमान दोन मिनिटेच टिकला. लिहिलेला हिस्सा ही दर्शनी किंमत झाली. फूफीच्या हातात काय पडले? गावागावांत किती बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करून, भावाकडून ईदीची साडी घेऊन परत जातात? मिलादच्या जलशात आपण दर्शनी किंमत वाचून दाखवतो आणि तलाठ्याच्या दप्तरात बाजारभाव वेगळाच असतो.

मिसिसिपीच्या त्या कायद्याची दुसरी बाजूही पुढे वाचनात आली. त्याची बहुतेक कलमे बाईच्या मालकीच्या गुलामांविषयीच होती. एका स्त्रीचा हक्क, आणि त्या हक्काखाली दुसरी माणसे! लुइझियानातल्या बँकांचेही तेच. तिथे मळेवाले शेअर घेताना रोख पैसे भरत नसत. जमीन आणि गुलाम गहाण टाकून शेअर घेत. सिटिझन्स बँक आणि कॅनाल बँक अशा दोन बँका पुढे विलीन होत होत आजच्या जेपी मॉर्गन चेसमध्ये सामावल्या. 2005 च्या जानेवारीत या बँकेने जाहीर कबुली दिली की 1831 ते 1865 या काळात त्या दोन बँकांनी सुमारे 13,000 गुलाम तारण म्हणून स्वीकारले आणि कर्जे थकल्यावर सुमारे 1,250 गुलाम बँकांच्या मालकीचे झाले. बँकेने माफी मागितली आणि लुइझियानातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी 50 लाख डॉलरच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. तारण हा शब्द आम्ही गणिताच्या तासाला किती सहज वापरतो! कागदावरची कोरीव चित्रे सुंदर असतात. तो हिस्सा कुणाच्या जिवावर उभा होता, हे त्या चित्रांत नसते.

त्या मळ्यांतल्या कापसाचा आपल्या मुंबईशीही संबंध आला. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली ती प्रसिद्ध शेअरची लाट. युद्ध संपले, भाव पडले, 1 जुलै 1865 ला बाजार कोसळला आणि 1840 साली निघालेली बँक ऑफ बॉम्बे 1868 साली बुडाली. फूफीच्या कागदावरही सन 1840 च छापलेले आहे.

शेवटी आम्हाला हलवले ते मात्र एका अशा बँकेने जिचे शेअरच नव्हते. फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या बचतीसाठी काढलेली. 3 मार्च 1865 रोजी तिच्या सनदेवर अब्राहम लिंकन यांची सही झाली. या बँकेत हिस्सेदार नव्हते, फक्त ठेवीदार होते. त्यांच्याकडे शेअर नव्हे, छोटी पासबुके असत. धुणीभांडी करणाऱ्या बायका, सैनिक, मजूर यांचे दोन-चार डॉलर त्यात जमा होत. लिंकन यांचे नाव जोडलेले, सरकारी माणसे आजूबाजूला, त्यामुळे लोकांना वाटे की पैशामागे सरकार उभे आहे. विश्वस्तांनी ते पैसे भलत्यांना कर्जाऊ दिले. बँक मोडकळीस आल्यावर 1874 च्या मार्चमध्ये फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केले गेले. डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले, त्या समाजातले सर्वांत मोठे नाव. त्यांनी स्वतःचे 10,000 डॉलर बँकेत घातले. आत काय आहे ते पाहिल्यावर त्यांनी काँग्रेसला खरे ते सांगितले, आणि 29 जून 1874 ला बँक बंद झाली. 61,144 ठेवीदारांचे जवळजवळ 30 लाख डॉलर अडकले. पुढे बऱ्याच वर्षांनी सुमारे निम्म्या ठेवीदारांना आपल्या पैशाचे पाचात तीन हिस्से मिळाले. बाकीच्यांना काहीच नाही.

डग्लस यांनी ते नुकसान केले नव्हते. पण खुर्चीवर बसल्यावर खाते त्यांचे झाले. आम्हीही 1994 साली शाळकरी पोर होतो, असे म्हणण्याचीही सोय नव्हती. तेव्हा आम्ही पाच वर्षांचे होतो. पण आज नऊ कलमांचे आंबे आमच्या अंगणात उतरत होते.

2023 च्या पावसाळ्यात अब्बांची फाइल आवरताना घरपट्टीच्या पावत्यांमध्ये एक लिफाफा मिळाला. जुना, रिकामा. वर फिलाडेल्फियाच्या दुकानाचा शिक्का आणि इंग्रजीत छापलेले, की आत जुन्या नोटेची नक्कल आहे. दादांना इंग्रजी येत नव्हते. अब्बा मॅट्रिक होते. दादांच्या ट्रंकेतला हा लिफाफा अब्बांच्या फायलीत कसा आला, हे विचारायला अब्बा उरले नव्हते. अब्बा वाईट माणूस नव्हते. त्यांनी फूफीच्या आजारपणात रात्री जागवल्या होत्या. तरी लिफाफा तिथे होता.

तो सापडल्यावरही आम्ही सहा महिने काढले.

2024 च्या सुरुवातीला, मोहराचे दिवस असताना, एका रविवारी फूफीकडे गेलो. नक्कल, लिफाफा आणि बिडल यांच्या बँकेचे असली सर्टिफिकेट, तिन्ही त्यांच्यापुढे ठेवले. काही बोलण्याआधी म्हणालो, “फूफी, दोन्ही कागदांवरून बोट फिरवून बघा.”

फूफीने चाळीस वर्षे शिवणकाम केले आहे. त्यांचे बोट दोन्ही कागदांवरून फिरले. म्हणाल्या, “हा हाताचा आहे. हा मशीनचा.” मग थोडे थांबून, “माझा मशीनचा.”

आम्ही सगळे सांगितले. बँक, नंबर, नक्कल, आणि दोन वर्षे गप्प बसल्याचे. त्यांनी एकच विचारले, “भाईला ठाऊक होतं?”

आमच्याने बोलवले नाही. लिफाफा पुढे सरकवला आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवले. असरची अजान झाली. फूफी उठल्या, वजू केला, नमाज पढल्या. बराच वेळ दुआ मागत होत्या. परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मग आता?”

“तीन कलमं तुमची आहेत. तुमच्या नावावर करून देतो.”

खरे सांगायचे तर मनाच्या तळाशी आम्हाला वाटत होते की फूफी म्हणतील, राहू दे बेटा, माफ केलं. आमच्या घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणत आल्या आहेत. हेच म्हणायला त्यांना शिकवले आहे.

फूफी म्हणाल्या, “दे. उशीर झाला, पण दे.”

आम्ही मान हलवली. चहा आला. आम्ही सुटकेचा श्वास टाकणार, तोच त्या म्हणाल्या, “आणि तीस वर्षांचे आंबे?”

लाभांश! पंधरा वेळा फळ्यावर लिहिलेला शब्द. याचा विचार आम्ही केलाच नव्हता. तीस वर्षांचा हिशोब कुणाकडे नव्हता. किती पेट्या, काय भाव, किती फवारणी, किती वर्षे मोहर करपला. आम्ही चाचपडत म्हणालो की सगळे फेडणे आमच्या पगारात होणार नाही. आणि मग, का कोण जाणे, त्यांना फ्रीडमन्स बँकेची गोष्ट सांगितली. त्या लक्ष देऊन ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे त्या बँकेने बुडूनसुद्धा पाचात तीन दिले. तू तर अजून उभा आहेस.”

आम्ही घरी येऊन अम्मीला आणि बहिणीला बसवून सांगितले. अम्मी रडल्या, पण “देऊन टाक” म्हणाल्या. बहीण गप्प होती. निघताना दारात म्हणाली, “भाईजान, कागद करायचेच आहेत तर अब्बांच्या मागे माझंही नाव सातबाऱ्यावर राहू द्या.” आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो. हक्कसोडीचा मसुदा तयार होता. आमच्याच टेबलाच्या खणात होता. तो आम्ही त्याच रात्री फाडला.

वकिलाने सांगितले तसे कागद झाले आणि सातबाऱ्यावर दोन बायकांची नावे चढली. तलाठ्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “बहिणींची नावं काढायला लोक येतात, तुम्ही चढवायला आलात?”

तीस वर्षांच्या आंब्यांचे असे ठरले. अंदाजाने एक रक्कम काढली आणि फूफीने तिच्या पाचात तीन हिस्से कबूल केले, दर हंगामाला हप्त्याने. त्यासाठी आम्ही शाळेच्या वहीची पाने कापून एक छोटे पासबुक शिवले. शिवले म्हणजे फूफीनेच शिवले, आम्ही फक्त रेघा मारल्या. तारीख, रक्कम, बाकी, सही. मौलानांना दाखवले. या वेळी त्यांनी सूदाचे काही काढले नाही.

अमेरिकेचा कागद फूफीने परत मागून घेतला. “खोटा असला तरी माझ्या हिश्श्याला आलेला आहे,” म्हणाल्या. आता तो त्यांच्या शिवणयंत्रावर भिंतीला लावलेला आहे. नातीची नर्सिंगची परीक्षा झाली की पाटल्या पुन्हा घडवायच्या, असे त्या म्हणतात.

2025 च्या हंगामात त्यांच्या कलमांची खुडणी आम्हीच केली, त्यांनी खुर्ची टाकून पेट्या मोजल्या. संध्याकाळी पासबुकात पहिली नोंद झाली. आम्ही रक्कम लिहिली. फूफीने चष्मा लावून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि उर्दूत सावकाश सही केली. मग वही आमच्याकडे सरकवून म्हणाल्या, “खाली बाकी लिही. विसरशील.”

आम्ही बाकी लिहिली.